कावीळ डोळ्यांनी मोजू नका

नवजात बाळाला कावीळ होणे ही नवलाची गोष्ट नव्हे. जन्मानंतर बाळाच्या रक्तातील जादा तांबड्या पेशी मोडतात व त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. ते बाहेर टाकण्याचे काम यकृताचे. पण ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे यकृत फारच कच्चे असते. साचलेले बिलिरुबिन मेंदूत शिरले, तर बहिरेपणा, कायमचे अपंगत्व, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. मेंदूची ही हानी पुढे भरून येत नाही.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड यांना दिसले, की उन्हात ठेवलेल्या बाळाच्या कातडीचा पिवळेपणा कमी होतो. १९५८ साली डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्याचा उपचार प्रसिद्ध केला. सुमारे ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलतो. मग ते पित्तातून व लघवीतून सहज बाहेर पडते.

मग अंगणातले कोवळे ऊन का पुरत नाही? कारण त्यातून निळा प्रकाश किती मिळाला, हे कळत नाही. शिवाय उघडे बाळ गारठते किंवा भाजते. कावीळ उतरवून घेण्यात तर मोलाचा वेळच जातो. सावळ्या कातडीवर पिवळेपणा लवकर दिसतही नाही. म्हणून बिलिरुबिन मोजलेच पाहिजे.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवा दारापर्यंत नेता येते, हे त्यातून दिसले. आज आशाताई बाळाला पाहायला तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी येतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कावीळ बहुधा याच सुमारास वाढते. म्हणून माझे मत असे, की शिरूर असो वा दौंड, बिलिरुबिन मोजण्याची सोय व निळा दिवा तालुक्यातच हाताशी हवा. वाडीवस्तीवरच्या किंवा ऊसतोडणीला आलेल्या आईला त्यासाठी पुणे गाठावे लागू नये.

तुम्हीही एक काम करा. घरात किंवा शेजारी अपुऱ्या दिवसांचे बाळ आले, तर "बिलिरुबिन मोजले का?" असे विचारा. पहिल्या २४ तासांत कावीळ दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध पिईना किंवा सुस्त पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला सांगा. आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात नेण्याची व उपचारांची सोय २०११ पासून मोफत आहे, हेही सांगा. तुमचा एक प्रश्न एखाद्या बाळाचा मेंदू वाचवू शकेल.