‘एका नाण्याचे पाच लाख’ विसरा, नाण्यांचा धंदा असा चालत नाही

जुन्या नाण्यांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून रोज एकच प्रश्न येतोय, "सर, माझ्याकडे डिफेक्टवालं नाणं आहे, किती लाख मिळतील?" व्हिडिओत घाईघाईत राहून गेलं ते इथे लिहितो.

आधी फसवणुकीचं बोलू. आमच्या एका बॅचमधल्या मुलाने वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं ऑनलाइन विकायला टाकलं. समोरून पाच लाखांची ऑफर आली. आधी ‘रजिस्ट्रेशन’चे २,१०० मागितले, मग ‘टॅक्स’चे १२,०००. आईने भिशीचे पैसे काढून दिले, आणि फोन बंद! ते २०१२ चं चलनातलं स्मारक नाणं. त्यात छपाईची चूकसुद्धा नव्हती. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ लाच सांगितलंय की आम्ही अशा व्यवहारात नाही आणि आमच्या नावाने कमिशन घ्यायचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. अहो, माल आपला आणि पैसेही आपणच भरायचे, असा धंदा कुठे असतो का?

मग यात धंदा नाहीच का? आहे. पण तो नजरेचा आहे.

चुका दोन जातीच्या. एक साच्याची. साच्याला तडा गेला की त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर ती रेघ उठते. लक्षात ठेवा, तड्याची रेघ वर उचललेली असते आणि साधा ओरखडा आत गेलेला असतो. बोट फिरवा, भिंगातून बघा, निम्मी ‘दुर्मिळ’ नाणी तिथेच बाद होतील. दुसरी चूक ठसा मारतानाची. चकती सरकली तर चित्र एका बाजूला जातं. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूला चित्र नीट आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोलगट उमटतं. अशी नाणी कमी सापडतात.

पण नुसतं कमी असून भागत नाही, ओळखणारं गिऱ्हाईक लागतं. अमेरिकेत १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत ५ सेंटचा साचा जास्त घासला गेला आणि नाण्यावरच्या बैलगव्याचा पुढचा एक पाय गायब झाला. ‘तीन पायांचा’ म्हणून संग्राहक आजही ते नाव घेऊन शोधतात, म्हणून त्याला भाव आहे. आपल्याकडच्या बारीकशा तड्याला असं गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

आता आपली शिवराई घ्या. ती हाताने ठोकलेली, साचा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे अक्षरं अर्धी कापलेली असणं ही तिथे चूक नाहीच, तेच नेहमीचं. उलट ‘श्री राजा शिव’ पूर्ण वाचता येणाऱ्या शिवराईला जास्त मागणी. एक रुपयाच्या आजच्या नाण्यावर जो दोष विकला जातो, तोच शिवराईत भाव पाडतो! हे माहीत नसलेला माणूस दोन्हीकडे मार खातो.

बनावट चुकाही भरपूर आहेत. १० रुपयांच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढतात, दोन नाणी पकडीत दाबून उलटा ठसा उठवतात, कड कानसने घासतात. टांकसाळीतच चकती कापली गेलेली असेल तर कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड बहुतेकदा दबलेली दिसते. घासलेल्या नाण्यात ती ठणठणीत असते. एक छोटा डिजिटल काटा घ्या, १० रुपयांचं दोन धातूंचं नाणं ७.७१ ग्रॅम भरतं. आणि कृपा करून चिंच लावून नाणी चमकवू नका, आहे तो भावही जाईल.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूत मोडतं. त्याच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो, आणि ते परदेशी पाठवता येत नाही. शेतात हंडा सापडला तर तो आधी कलेक्टरला कळवायचा.

माझं मत स्पष्ट सांगतो. किराणा, पानपट्टी, चहाची टपरी असेल तर रात्री गल्ला मोजताना भिंग हातात घ्या. सापडलेल्या नाण्याची किंमत तुम्हाला एक रुपयाच पडली, नुकसान शून्य. आमच्या एका दुकानदाराने सरकलेल्या ठशाचं नाणं ४०० रुपयांना दिलं, पण ते सापडायला त्याला पाच महिने लागले. यासाठी कर्ज काढू नका, नोकरी तर अजिबात सोडू नका. पहिली दोन वर्षं याला शिकण्याचा खर्च समजा. विकताना दोष आहे तसा सांगा, चारही बाजूंनी फोटो द्या. हे जग लहान आहे, एकदा खोटं नाणं विकलं की पुढचं खरंही कोणी घेत नाही.

तो मुलगा आता आईला दर महिन्याला हजार रुपये परत देतोय. वैष्णोदेवीचं नाणं त्याने अजून पाकिटात ठेवलंय. मी म्हटलं, खर्च कर रे, पाच रुपयांना कुठेही चालतं.