नमुना सहा, नमुना सात आणि आकृतिबंधाचा प्रश्न

मराठी समीक्षेत घाट, रचनाबंध, आकृतिबंध हे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की ते केवळ साहित्याच्याच मालकीचे आहेत, असा आपला समज झाला आहे. वस्तुतः गेली तीन दशके आणि थोडा अधिक काळ संगणकप्रणाली रचणारी मंडळीही याच कल्पनेच्या आधारे आपले काम करीत आली आहेत. 'पॅटर्न' हा त्यांचा शब्द. संपूर्ण प्रणालीच्या बांधणीशी निगडित असलेल्या पॅटर्नना ते 'आर्किटेक्चरल पॅटर्न' म्हणतात. हा विषय अभियंत्यांचा आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याचे त्यात काय काम, असे सामान्यतः मानले जाते. आमचे मत नेमके उलट आहे. आपल्या जमिनीची, वारशाची आणि नावाची नोंद ज्या आकृतिबंधात होते, त्याची समीक्षा करण्याची साधने साहित्याच्या अभ्यासकाजवळ आहेत आणि ती त्याने वापरली पाहिजेत.

या कल्पनेचा उगम संगणकात नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा वास्तुरचनाकार तिचा जनक. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात जे विस्तृत उदाहरण सोडवून दाखवले आहे, ते सहाशे वस्तीच्या एका भारतीय खेड्याचे आहे. त्या खेड्याच्या १४१ गरजांची यादी करून कोणती गरज कोणत्या गरजेशी जुळते अथवा भांडते, हे त्याने तपासले. पुढे १९७७ च्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथात त्याने व सहकाऱ्यांनी २५३ आकृतिबंध मांडले. त्यातील प्रत्येकाची तीन अंगे आहेत : एक विशिष्ट परिस्थिती, त्या परिस्थितीत एकमेकींना ओढणाऱ्या गरजा, आणि त्या ओढाताणीतून मार्ग काढणारी मांडणी. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही कल्पना आज्ञावलीच्या क्षेत्रात आणली. १९९४ मध्ये चार लेखकांचे २३ आकृतिबंधांचे गाजलेले पुस्तक आले, आणि १९९६ मध्ये पाच लेखकांनी मिळून प्रणालीच्या समग्र बांधणीचे आकृतिबंध ग्रंथरूपाने मांडले.

आकृतिबंध म्हणजे साचा नव्हे, हे साहित्याच्या वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. जालना जिल्ह्यातील जांब या गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधाची बांधणी पाहावी. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, असे दोनशे समास. एखादा समास सुटा काढून त्यावर निरूपण करता येते आणि तरीही दशकातील त्याची जागा त्याला अर्थ पुरवीत राहते. भाग सुटा असावा आणि समग्राशी बांधलेलाही असावा, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ तेथे घातलेला आहे. मोठी प्रणाली स्वतंत्र घटकांत विभागणाऱ्या रचनाकारापुढेही हीच ओढाताण असते.

परंतु आम्हांला जे उदाहरण अधिक महत्त्वाचे वाटते ते ग्रंथालयात नाही, तलाठ्याच्या दप्तरात आहे. 'पॅटर्न'ला मराठीत साधा शब्द नमुना, आणि महसूल खात्याने गावाचा सारा व्यवहार एक ते एकवीस अशा 'गाव नमुन्यां'त बांधला आहे. त्यांपैकी सात आणि बारा हे जोडनमुने सर्वांना ठाऊक असतात. सातमध्ये जमीन कोणाची व तिच्यावर कोणाचे कोणते हक्क, हे असते. बारामध्ये तिच्यात कोणते पीक आहे, हे. सहावा नमुना मात्र सहसा विस्मरणात जातो. तो फेरफारांची नोंदवही होय.

समजा, मंठा तालुक्यातील एखादा खातेदार वारला. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. वारसांची चौकशी होते, नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद लिहिली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबारावर येतो. मृताचे नाव खोडून नाहीसे केले जात नाही; त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफार क्रमांक पडतो. काही काळाने बहिणीकडून हक्कसोडपत्र होते. पुन्हा एक फेरफार, पुन्हा एक कंस. पुढे नव्याने निघालेल्या सातबारावर केवळ दोन भाऊ दिसतात. त्या जमिनीत बहिणीचाही हिस्सा होता आणि तो कोणत्या दिवशी, कोणत्या कागदाने गेला, ही हकीकत सहाव्या नमुन्यातच उरते.

संगणकशास्त्रात या मांडणीला 'इव्हेंट सोर्सिंग' म्हणतात. मार्टिन फाउलर या लेखकाने २००५ मध्ये तिचे या नावाने वर्णन केले. तिचे मर्म असे : सद्यःस्थिती थेट बदलायची नाही, घडलेली प्रत्येक घटना क्रमाने नोंदवत जायची, जुनी नोंद पुसायची नाही, आणि सद्यःस्थिती ही त्या घटनांमधून काढलेली केवळ गोषवाऱ्यासारखी गोष्ट मानायची. याउलट जी मांडणी सोपी आणि स्वस्त म्हणून बहुतेक ठिकाणी वापरली जाते, तिच्यात नवे मूल्य जुन्या मूल्यावर लिहिले जाते. ती जागा कमी खाते, उत्तर झटकन देते. मात्र काल काय होते, हे तिला सांगता येत नाही. पहिल्या मांडणीत नोंदी वाढतच जातात आणि आजची स्थिती काढण्यास श्रम पडतात, म्हणून तर सातबारा वेगळा ठेवावा लागतो. महसुली दप्तराने हा तोडगा संगणकाच्या कितीतरी आधी काढला होता.

ही निवड तांत्रिक वाटते. पण तिचे परिणाम तांत्रिक नसतात, हे जालना जिल्ह्याइतके अलीकडे कोणी अनुभवलेले नसेल. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जालना हा स्वतंत्र जिल्हा १९८१ मध्ये झाला. राज्ये बदलली, दप्तराची भाषा आणि लिपी बदलली. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी उर्दू व मोडीतील जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली. आरक्षणाच्या प्रश्नावर मत देणे हा या लेखाचा हेतू नाही. आम्हांला एवढेच दिसते की, ज्यांनी त्या नोंदी केल्या त्यांना हा प्रश्न स्वप्नातही ठाऊक नव्हता. त्यांनी केवळ पुसले नाही, म्हणून आज विचारता आले. दावा मान्य करणाऱ्याला आणि तो नाकारणाऱ्याला, दोघांनाही त्याच कागदापाशी यावे लागते.

म्हणून दप्तराचा संगणक होताना कोणता आकृतिबंध टिकला आणि कोणता सुटला, हे पाहिले पाहिजे. फेरफाराची साखळी ई-फेरफार प्रणालीत आली, ही समाधानाची बाब. परंतु हस्तलिखित सातबारा संगणकात उतरवताना चुका झाल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, म्हणजे गावाचे लेख गावासमोर मोठ्याने वाचले गेले. पाठचिकित्सेचा याहून लोकशाही प्रकार आम्हांला माहीत नाही.

दुसरी गोष्ट 'इतर हक्क' या रकान्याची. कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीची वाट, असे जे मालकीच्या रकान्यात बसत नाही ते तेथे येते. प्रणाली रचणाऱ्याला असा सैल रकाना खुपतो. त्याला ठरावीक पर्याय हवे असतात. पण न कल्पिलेल्या गोष्टीला जागा ठेवणे हा त्या नमुन्याचा दोष नाही, शहाणपणा आहे. उत्तम घाटातही अशी एक मोकळी जागा असतेच.

तिसरी गोष्ट निवेदकाची. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी बाराव्या नमुन्यातील पीक तलाठी लिहीत असे; आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून छायाचित्रासह ते नोंदवावे, अशी योजना झाली. साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर तृतीयपुरुषी निवेदन प्रथमपुरुषी झाले. हा बदल आम्ही स्वागतार्ह मानतो. तथापि ज्या वृद्ध शेतकरीणबाईंच्या हाती स्मार्टफोन नाही, त्यांचे प्रथमपुरुषी निवेदन दुसऱ्याच कोणाच्या हातून लिहिले जाणार, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

यावर आक्षेप असा येईल की, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, तालुक्याची खेप वाचली, दिवसाची मजुरी वाचली. मग ही चिकित्सा कशासाठी? ती सोय खरी आहे आणि तिला कमी लेखणे हा शहरी उद्धटपणा ठरेल. पण सोय वाढली की तिच्यामागचा नमुना दिसेनासा होतो. सातबारा क्षणात हाती येतो, आणि सहावा नमुना मागण्याची सवय जाते. १९९६ मध्ये प्रणालीकारांच्या परिषदेत अलेक्झांडरने त्यांच्यापुढे हीच शंका मांडली होती : तुम्ही माझी रीत उचललीत, पण तिच्यामागचा नैतिक प्रश्न, की यातून माणसांचे जगणे अधिक चांगले होते काय, तो उचललात काय?

आमची सूचना साधी आहे. जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी वर्षातून एक तास एका फेरफाराच्या वाचनाला द्यावा. नोंद कोण लिहितो, कोणाच्या तोंडून बोलतो, कोणाला नोटीस पोहोचते, हरकतीची जागा कोठे आहे, कोणाच्या नावाला कंस झाला, हे विद्यार्थ्यांना विचारावे. कथेच्या वर्गात हे प्रश्न आपण रोज विचारतो. या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या तलाठी होतील, काही संगणकप्रणाली रचणाऱ्यांच्या शेजारी बसून भाषेचे काम करतील, आणि पुष्कळशा मुली कधी ना कधी हक्कसोडपत्रासमोर बसतील. सही करण्यापूर्वी सहावा नमुना वाचता यावा, एवढे तरी साहित्याच्या शिक्षणाने त्यांना दिले पाहिजे.