जुनं रंधा मशीन भंगारात देण्याआधी

तुमच्या शाळेच्या कार्यशाळेत, जवळच्या आयटीआयमध्ये किंवा गावातल्या सुताराच्या पडवीत एखादं जुनं रंधा मशीन धूळ खात पडलेलं असेल. बिडाची दोन लांब टेबलं, त्यांच्या मधल्या फटीत फिरणारा कटर ब्लॉक आणि बाजूला उभी फेन्स. काही ठिकाणी याला सरफेस प्लेनर म्हणतात. अशा मशीनचं पुढे बहुधा दोनपैकी एक होतं. एक तर ते किलोच्या भावानं विकलं जातं, नाहीतर हिरवा रंग फासून पुन्हा चालू केलं जातं. माझ्या मते या दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. आधी मशीन मोजा, मग दुरुस्त करा आणि रंग अगदी शेवटी लावा.

हे मशीन करतं काय, ते आधी समजून घेऊ. फळी अलीकडच्या टेबलावरून सरकते, पाती तिचा पातळ थर काढतात आणि रंधलेला भाग पलीकडच्या टेबलावर टेकतो. अलीकडचं टेबल जेवढं खाली, तेवढाच थर निघतो. पलीकडचं टेबल मात्र पात्यांच्या सर्वांत वरच्या टोकाच्या बरोबर उंचीला हवं. ते खाली राहिलं, तर फळीचं शेवटचं टोक अलीकडच्या टेबलावरून सुटताच खाली बसतं आणि तिथे खळगा पडतो. वर राहिलं, तर फळी टेबलाच्या कडेला अडते किंवा एका टोकाकडे निमुळती होते. सुतार लाकडाला दोष देतो, पण चूक टेबलाच्या उंचीत असते.

आता दुरुस्तीचा क्रम पाहा. सर्वांत आधी वीज तोडा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. टेबलांवरचा गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरनं, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून काढा. हँड ग्राइंडर मुळीच लावू नका, कारण एका मिनिटात पडलेला खड्डा कायमचा राहतो. मग एक लांब, खात्रीची सरळ पट्टी दोन्ही टेबलांवर आडवी, उभी आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी ठेवा. पट्टीखालून उजेड दिसला, तर फीलर गेजनं फट मोजा. वर्षानुवर्षांच्या वजनानं टेबलाचं बाहेरचं टोक झुकलेलं असू शकतं. टेबल ज्या तिरक्या खाचेत सरकतं, तिथे पितळेची पातळ पट्टी घालून ते पुन्हा समांतर करता येतं. हे काम वेळखाऊ आहे, पण याला दुसरा उपाय नाही. टेबलंच समांतर नसतील, तर त्यांवरून निघालेली फळी सरळ कशी येणार?

कटर ब्लॉक हातानं सावकाश फिरवा. खरखर जाणवली, तर बेअरिंग बदला. त्यावर क्रमांक कोरलेला असतो. उदाहरणार्थ, 6205 असेल तर शेवटच्या 05 ला पाचानं गुणा, आतला व्यास 25 मिलिमीटर मिळतो.

पात्यांचं तर गणितच आहे. समजा ब्लॉक मिनिटाला 4000 फेरे घेतो आणि त्यात तीन पाती आहेत. म्हणजे मिनिटाला 12,000 काप. फळी मिनिटाला 6 मीटर सरकवली, तर दोन कापांत फक्त अर्ध्या मिलिमीटरचं अंतर राहतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. पण एकच पातं बाकीच्या दोघांपेक्षा किंचित वर बसलं असेल, तर शेवटचा काप तेवढंच घेतं. मग अंतर दीड मिलिमीटर होतं आणि फळीवर लाटा दिसतात. म्हणून तिन्ही पाती एकाच उंचीला बसवण्यात अर्धा दिवस गेला, तरी तो वाया गेला असं समजू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. जुनं ते सगळं जपावं, असं मी म्हणणार नाही. फार जुन्या मशीनमध्ये चौकोनी कटर ब्लॉक असतो. चौकोनाच्या बाजूंजवळ मोठी पोकळी राहते आणि हात घसरला तर बोटं खोल आत ओढली जातात. गोल ब्लॉकमध्ये ही पोकळी फारच कमी असते. कारखाना अधिनियम 1948 खाली राज्यांनी केलेल्या नियमांतही हातानं फळी सरकवायच्या मशीनला दंडगोलाकार ब्लॉक आणि फट झाकणारा गार्ड असावा, अशी अट होती. शाळा म्हणजे कारखाना नाही हे खरं, पण बोटं तीच आहेत ना! चौकोनी ब्लॉक बदलता येत नसेल, तर ते मशीन भंगारातच द्या. गार्ड हरवला असेल, तर नवा बसवल्याशिवाय स्विच दाबू नका. फूटभरापेक्षा लहान तुकडा मशीनवर घेऊ नका आणि फळी ढकलायला लाकडी ठोकळा वापरा.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, नवीन घ्या की! पैसे असतील तर जरूर घ्या. पण नवं मशीनही असंच मोजून घ्यावं लागतं, आणि मोजायला शिकवतं ते जुनंच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे आणि त्यात सुतारकामाचा उल्लेख आहे. या वयाच्या मुलांनी मशीन चालवायचं नाही, हे पक्कं. पण वीज तोडून, पाती काढून ठेवलेल्या मशीनवर सरळ पट्टी ठेवून फट शोधायला काय हरकत आहे? 'समांतर' हा शब्द फळ्यावर शिकवता येतोच. पण पट्टीखालची केसाएवढी फट आपल्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी तो शब्द विसरत नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, भंगारवाल्याला बोलावण्याआधी गावातल्या जाणत्या सुताराला एकदा शाळेत बोलवा. मशीन वाचेल की नाही, ते मोजल्यावर ठरेल. पण त्या दिवशी मुलं जे शिकतील, ते कुठल्याही भंगाराच्या भावात बसणार नाही.