गोधडीचे दप्तर

गोधडीविषयी मराठी माणसाने आजवर गहिवर पुष्कळ काढला आहे. आजीच्या लुगड्याची ऊब, आईच्या हातचा टाका, गरिबीतला दिलासा, गाडगेमहाराजांच्या अंगावरची ती चिंध्यांची गोधडी, जिच्यामुळे लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, हे सारे आपल्या भाषणांतून, शालेय निबंधांतून आणि आता भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांतूनही इतक्या वेळा येऊन गेले आहे की त्यात नवे काही सांगण्यासारखे उरलेले नाही. परंतु आपल्याच घरातील माळ्यावरची गोधडी खाली काढून, ही कोणी शिवली, कोणत्या गावी शिवली, कोणत्या साली शिवली, असा साधा प्रश्न विचारला, तर त्याचे लेखी उत्तर बहुधा एकाही घरात निघणार नाही. एका गुंठ्याच्या तुकड्याचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार पिढ्यानुपिढ्या जिवापाड जपणाऱ्या समाजाने कापडाच्या तुकड्यांची मात्र कधी एका ओळीची नोंद ठेवली नाही. ऑस्ट्रेलियात राहून येथील क्विल्ट शिवणाऱ्या मंडळांचा कारभार पाहिल्यापासून हे वैगुण्य मला विशेष खुपू लागले आहे, आणि त्याविषयी थोडे परखडपणे लिहिणे अवश्य वाटते.

या मंडळांना येथे गिल्ड म्हणतात. न्यू साउथ वेल्स राज्याचे क्विल्टर्स गिल्ड १९८२ साली स्थापन झाले. व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड, पश्चिम ऑस्ट्रेलिया यांची आपापली मंडळे आहेत. आणि गेल्या दीड दशकात त्यांच्या जोडीला ‘मॉडर्न क्विल्ट गिल्ड’ या नावाची, २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये उगम पावलेली एक नवी चळवळ येऊन सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, वोलोंगाँग अशा शहरांत तिच्या शाखा निघाल्या. महिन्यातून एकदा, एखाद्या चर्चच्या किंवा नगरपालिकेच्या सभागृहात सभा भरते. आलेल्या प्रत्येकीने आपल्या नावाची चिठ्ठी छातीवर लावायची असते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते. खजिनदार जमाखर्च सादर करतात. मंडळाच्या ग्रंथालयातून नेलेली पुस्तके कोणी परत केली नाहीत याची सौम्य शब्दांत, पण सर्वांसमक्ष, आठवण दिली जाते. सभागृहाचे भाडे, विम्याचा हप्ता, पुढील महिन्याची चहाची पाळी हे विषय निकालात निघतात. आणि मग ज्यासाठी सगळ्या खरोखर आलेल्या असतात तो भाग सुरू होतो. एकेक सभासद उठते, दोघीजणी तिच्या क्विल्टची दोन टोके धरून ती उलगडून उभ्या राहतात, आणि ती बाई सांगते की हा नमुना कोठून घेतला, कापड कोठले, कोणासाठी शिवले, कोठे चुकले, आणि अर्धवट स्थितीत किती वर्षे ते कपाटात पडून होते. वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षपद स्वीकारण्यास कोणी पुढे येत नाही म्हणून सभा ताटकळते, ही अडचण आपल्या मंडळांइतकीच त्यांनाही आहे, हे पाहून मला काहीसे बरेही वाटले.

या सर्व कारभारातील सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत मोलाची रीत म्हणजे पाठीमागची चिठ्ठी. क्विल्ट पुरी झाली की तिच्या अस्तराच्या एका कोपऱ्यात कापडाचा एक लहान तुकडा शिवतात आणि त्यावर न पुसणाऱ्या शाईने शिवणारीचे नाव, गाव, साल आणि कोणासाठी शिवली ते लिहितात. असे करा म्हणून मंडळे सभासदांच्या मागे लागतात. पांघरुणावर आपली ओळख उमटवण्याची कल्पना या भूमीत गोऱ्या लोकांच्या सुया येण्याच्या कितीतरी आधीची आहे. आग्नेय ऑस्ट्रेलियातील आदिवासी पॉसम या प्राण्याची कातडी कांगारूच्या स्नायुतंतूंनी जोडून पांघरुणे करीत, मूल वाढे तशी त्यात नवी कातडी जोडीत, आणि आतल्या बाजूस कुळाची व भूमीची चिन्हे कोरीत. सरकारी कांबळ्यांच्या वाटपाने आणि जमिनीवरून झालेल्या उच्चाटनाने ती विद्या जवळजवळ बुडाली. १८५३ आणि १८७२ सालची दोन पांघरुणे मेलबर्नच्या संग्रहालयात राहिली, आणि त्या आदिवासींच्याच वंशातील कलावंत स्त्रियांनी ती पाहून या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे पुनरुज्जीवन केले. नमुना जपलेला होता म्हणून विद्या परत मिळाली.

नोंद नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. ‘राजा’ हे नाव धारण करणारे एक जहाज ५ एप्रिल १८४१ रोजी काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या १८० स्त्रियांना घेऊन इंग्लंडातील वुलिचहून निघाले आणि १९ जुलै रोजी टास्मानियातील, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डिमेन्स लँडमधील, होबार्टला पोहोचले. तुरुंगसुधारणेसाठी आयुष्य वेचणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळीने अशा कैदी स्त्रियांना सुया, दोरा, अंगुस्तान, कात्री आणि दोन पौंड कापडाचे तुकडे देण्याची प्रथा पाडली होती, हेतू हा की रिकाम्या हातांना उद्योग आणि उतरल्यावर पोटाला एखादे कसब मिळावे. त्या साडेतीन महिन्यांच्या प्रवासात या स्त्रियांपैकी काहींनी २,८१५ तुकडे जोडून सव्वातीन मीटरहून मोठे एक आच्छादन तयार केले. मध्यभागी छिटाच्या कापडावरचे पक्षी व फुले कातरून टाचलेली, भोवती चौकटींमागून चौकटी, आणि कडेला रेशमी अक्षरांत कृतज्ञतेचा मजकूर. काटेकोर बोलायचे तर त्याला मधला थर नाही, तेव्हा त्याला गोधडी न म्हणता पलंगपोस म्हणणे रास्त. पण ऑस्ट्रेलियाच्या वस्त्रेतिहासात त्याचे स्थान अग्रपूजेचे आहे. पुढे ते दीर्घकाळ नजरेआड झाले, स्कॉटलंडमध्ये सापडले, आणि १९८९ साली मायदेशी, किंवा परदेशी म्हणा, परत आले.

आता यातील मर्म पाहा. त्या स्त्रियांचे सरकारी दप्तर शाबूत आहे. कोणत्या गुन्ह्यासाठी किती वर्षांची शिक्षा, उंची किती, डोळ्यांचा रंग कोणता, अंगावर व्रण कोठे, हा सारा तपशील टास्मानियाच्या कैद्यांच्या नोंदवह्यांत मोठ्या निष्ठेने टिपलेला आहे. आच्छादनावर मात्र एकाही शिवणारीचे नाव नाही. गुन्ह्याची फर्द उरली, कसबाची उरली नाही. आणि आज तज्ज्ञ लोक टाक्यांच्या कमीजास्त सफाईवरून किती हात फिरले असावेत याचे तर्क करीत बसतात.

याच्या नेमके उलट उदाहरण शंभर वर्षांनंतरचे आहे. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी चांगी येथील तुरुंगात स्त्रिया आणि मुले एकीकडे व पुरुष दुसरीकडे कोंडले, आणि कोणाचा कोणाला ठावठिकाणा कळेना. तेव्हा एथेल मुल्व्हनी या कॅनेडियन बाईंच्या कल्पनेवरून स्त्रियांनी एकेक चौकोन भरतकामाने सजवून त्यावर आपले नाव घातले आणि ६६ चौकोनांची एक, अशा तीन क्विल्ट केल्या. त्या जखमींसाठी म्हणून बाहेर गेल्या, पण चौकोनावरचे नाव वाचून नवऱ्याला कळावे की आपली बायको जिवंत आहे, हा त्यातला खरा डाव होता. एक क्विल्ट जपानी जखमींच्या नावे करण्यात मुत्सद्देगिरी होती. तेवढ्यामुळे परवानगी सुलभ झाली. त्यांपैकी दोन आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत आणि नाव घातलेल्या प्रत्येक चौकोनामागे एक ओळखता येणारी स्त्री उभी आहे.

या थोरामोठ्या वस्तूंहून मला आपल्या जवळची वाटते ती ‘वॅगा’. मंदीच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत येथील मेंढपाळ, मजूर आणि लहान शेतकरी पिठाची व भुशाची पोती उसवून, शिंप्याच्या दुकानातील नमुन्यांचे तुकडे किंवा जुने सदरे जोडून, कधी सुतळीने टाचून जे पांघरूण करीत त्याला न्यू साउथ वेल्समधील वॅगा वॅगा या गावाचे नाव पडले. ही आपली वाकळच. पाहुण्यांपुढे ती लपवण्याची वस्तू. फाटली की कुत्र्याखाली जाणारी. परंतु टंबारुंबा या लहानशा गावच्या ‘पायोनियर विमेन्स हट’ या ग्रामीण संग्रहालयाने पुढाकार घेऊन देशभरातील जुन्या क्विल्टांची एक राष्ट्रीय नोंदवही उभारली, आणि तीत श्रीमंतांच्या रेशमी कामाबरोबर पोत्यांच्या वॅगाही, त्या कोणी, कशासाठी, कोणत्या हलाखीत शिवल्या त्या कैफियतीसह, दाखल झाल्या. मार्गारेट रोल्फ, ॲनेट गेरो यांच्यासारख्या अभ्यासक स्त्रियांनी जुन्या क्विल्टांवर ग्रंथ लिहिले. हे काम विद्यापीठांनी सुरू केले नाही. शिवणाऱ्या आणि संग्रह करणाऱ्या सामान्य स्त्रियांनी केले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या गिल्डांची भलामण करताना त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. जुने कापड संपवणे हा गोधडीचा धर्म. येथे मात्र मीटरला २५-३० डॉलर देऊन नवेकोरे कापड आणायचे, ते कापायचे आणि पुन्हा जोडायचे, असा उफराटा व्यवहार रूढ झाला आहे, आणि वापरले न गेलेले कापड साठवून ठेवण्याचा या मंडळीस जो षोक आहे त्याला व्यसन म्हटले तर त्या स्वतःच हसून कबूल करतात. आणखी एक गंमत अशी की मॉडर्न म्हणवणाऱ्या पंथाने जी लक्षणे मोठ्या नवलाईने मिरवली, म्हणजे ठरीव सममिती मोडणे, हाताला येईल त्या तुकड्यातून आकार सुचू देणे, धावदोऱ्याच्या उघड्या ओळींना शोभा मानणे, ती सोलापूर-बेळगावकडची कोणतीही गोधडी शिवणारी बाई वैशाखातल्या दुपारी ओसरीवर बसून, कोणाचीही परवानगी न घेता, करीतच आली आहे. उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रियांची कडेकडून आत शिवत जाण्याची ‘कवंदी’ ही पद्धत तर आज परदेशच्या गिल्डांतून वर्ग घेऊन शिकवली जाते. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी सचित्र ग्रंथ सिद्ध केला, तो प्रसिद्ध केला फ्रान्समधल्या क्विल्टविषयक प्रकाशनसंस्थेने. आपल्या प्रकाशकांना, विद्यापीठांना आणि साहित्य संस्थांना हे लाजिरवाणे वाटायला हवे होते. तसे वाटल्याचे दिसत नाही.

कोणी म्हणेल, इतिवृत्त आणि वर्गणी यांनी कलेचा जिवंतपणा मारला जातो. मला हे मान्य नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यात या देशाचा पूर्व किनारा वणव्यांनी होरपळला, हजारो कुटुंबांची घरे राख झाली, तेव्हा वोलोंगाँगच्या मॉडर्न क्विल्ट गिल्डने शिवणाऱ्यांना जोडलेले चौकोन धाडण्याचे आवाहन केले, आणि देशोदेशींहून टपालाने पुडकी येऊ लागली. आलेला चौकोन मोजून घेणे, त्याचा आकार तपासणे, ते जोडणाऱ्यांत वाटणे, तयार क्विल्ट परत घेऊन गरजूंपर्यंत पोहोचवणे, ही कामे केवळ कळवळ्याने होत नाहीत. त्यांना याद्या लागतात, कोणीतरी जबाबदार लागते, आणि महिन्याच्या महिन्याला भेटून एकमेकींच्या हाताचा भरवसा आलेला लागतो. तो भरवसा कंटाळवाण्या वाटणाऱ्या सभांतूनच तयार झालेला असतो.

या देशात मराठी कुटुंबे आता बरीच झाली आहेत आणि सिडनी, मेलबर्नसह बहुतेक मोठ्या शहरांत मराठी मंडळे आहेत. गणेशोत्सव, दिवाळी, नाटक आणि जेवण यांत त्यांची उमेद खर्च होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मुलाकडे किंवा मुलीकडे पाच-सहा महिन्यांसाठी आलेल्या कित्येक आज्या जून-जुलैच्या थंडीत, सर्वजण कामावर आणि शाळेत गेल्यावर, अनोळखी गल्लीकडे खिडकीतून पाहत दिवस काढतात. त्यांच्यापैकी कित्येकींच्या हातात गोधडीची कला आहे आणि सामानात दोन जुनी सुती लुगडीही असतात. बहुतेक गिल्ड पाहुण्यांना थोडक्या शुल्कात सभेला बसू देतात. भाषेची अडचण सांगणाऱ्यांनी त्या सभांतला तो उलगडून दाखवण्याचा भाग एकदा पाहावा. तेथे टाक्याला दुभाष्या लागत नाही. सूनबाईंनी किंवा लेकीने एक शनिवार मोडून त्यांना तेथे नेऊन बसवावे, आणि मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने वर्षातून एक दिवस सभागृहात केवळ यासाठी राखावा: ज्याच्या घरी गोधडी असेल त्याने ती आणावी, तिचे छायाचित्र घ्यावे, आणि ती कोणी, कोठे, कधी, कोणाच्या कपड्यांतून शिवली ते एका वहीत उतरवून घ्यावे. महाराष्ट्रात हेच काम गावोगावचे बचत गट आणि शाळा यांहून चांगले कोणी करू शकणार नाही, कारण शिवणारी बाई तेथे अजून हयात आहे आणि तिला विचारता येते.

मंडळे हे केव्हा मनावर घेतील ते घेवोत. तोवर वाचकांनी आपल्या घरची गोधडी खाली काढावी, घरातील सर्वांत वडील बाईला तिची हकीकत विचारावी, आणि पांढऱ्या सुती कापडाच्या वीतभर तुकड्यावर नाव, गाव व साल पक्क्या शाईने लिहून तो मागच्या कोपऱ्यात चार टाक्यांनी टाचून टाकावा.