गोल्फ कुठं खेळायचा? आधी गावाला विचारा!

परवा फर्दापूरच्या टी-पॉइंटवर चहा घेताना संभाजीनगरचे एक ओळखीचे साहेब म्हणाले, "कोकण-गोव्याला चाललोय. गोल्फ कुठं खेळावा?" मी आयुष्यात काठी धरली ती ढोरं हाकायला. तरी उत्तर दिलं.

साहेब, आधी तेरेखोल बघा. पेडणे तालुका, गोव्याचं उत्तर टोक. केरीहून फेरीबोटीनं नदी ओलांडली की गाव. तिथं काजूच्या बागांच्या जागी गोल्फचं मैदान अन् रिसॉर्ट आणायचं ठरलं. जमीन कागदावर एकाची, काजू जगवणारी कुळं दुसरीच. गाव उभं राहिलं, प्रकरण कोर्टात गेलं. 18 होलांच्या मैदानाला 100 एकरांहून जास्त जमीन लागते, वर भर उन्हाळ्यात हिरवळीला पाणी पाजावं लागतं ते वेगळंच.

"पण रोजगार मिळतो ना?"

अहो, हे फर्दापूरकराला सांगता? अजिंठा 1983 पासून जागतिक वारसा. सगळं जग आमच्या दारावरून जातं, अन् आमची पोरं अजून पर्यटकांच्या मागं फिरत स्फटिकाचे दगड विकतात!

खेळाला विरोध नाही. खुशाल खेळा. फक्त बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: जमीन कुणाची होती? पाणी कुठून येतं? गावातली किती माणसं कायम कामावर आहेत? उत्तर टाळलं तर दुसरं मैदान धरा. गावाचं कुणी ऐकत नाही, गिऱ्हाइकाचं मात्र मालक ऐकतो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी इथंच आहे.