भुताला खाऊन टाका!

"बाई, तुम्हीसुद्धा?"

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला हा प्रश्न. निमित्त झालं एका फोटोचं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मी न्यू जर्सीला लेकीकडे होते. सहा वर्षांच्या नातीच्या मैत्रिणी हॅलोविनला घरी यायच्या होत्या, म्हणून आम्ही आजी-नातीने इडलीची भुतं केली. फोटो मी हौसेने गटावर टाकला. झालं! एकाने लिहिलं, ही आपली संस्कृती नाही. दुसऱ्याने लिहिलं, ऐन दिवाळीत हे अमंगळ कशाला? तिसऱ्या बाईंनी अन्न पूर्णब्रह्म असल्याची आठवण करून दिली. तिघांबद्दल मला आदर आहे. पण तिघांचंही चुकतंय, आणि का ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी 'आपलं' काय ते पाहू. हॅलोविनचं मूळ आयर्लंडकडचं. सुगी संपून हिवाळा लागायच्या वेळी मेलेली माणसं घराकडे येतात, ही तिथली जुनी समजूत. पुढे 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली रात्र ती ही. तिकडे सलगम कोरून दिवे करत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा सापडला. सलगमापेक्षा कोरायला सोपा! आता, हा लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. मिरची तिकडची, बटाटा तिकडचा, आणि ज्या कंदाचा साबुदाणा आपण एकादशीला खातो तो कंदही तिकडचाच. ते सगळं पचलं, मग पोरांचा एक खेळच तेवढा कसा पचत नाही?

राहिला अमंगळाचा मुद्दा. पितृपक्षात गेलेल्या माणसांसाठी पान वाढून आपण कावळ्याची वाट पाहतो, तेव्हा ते अमंगळ नसतं. नरक चतुर्दशीला पहाटे कारिट पायाखाली फोडतो, तो राक्षसच ना? गंमत म्हणजे त्या वर्षी महाराष्ट्रातल्या पंचांगात नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरलाच होती. म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी! कारिट तिथे कुठलं मिळायला? पहाटे एक छोटी काकडी फोडून नरकासुर मारला आणि संध्याकाळी भुतं वाढली. नातीला दोन्हींत काही विसंगत वाटलं नाही. मलाही नाही.

आणि विटंबना? दिव्यांच्या अवसेला आपण कणकेचे दिवे उकडतो आणि तूप घालून खातो. संक्रांतीला हलव्याचे दागिने करून बाळाच्या अंगावर घालतो. अन्नाला आकार देणं ही विटंबना असेल तर आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर तेच केलं म्हणायचं! ताटात टाकलेलं अन्न ही खरी विटंबना. त्या संध्याकाळी एक भूत उरलं नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसले. खेड्यातल्या शाळेत असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. वाटेतल्या पिंपळावर मुंजा आहे असं कुणीतरी त्याला सांगितलं आणि तो शाळेत येईनासा झाला. मी त्याच्या घरी गेले, "भुतं नसतात" म्हणून समजावलं, थोडं रागावलेही. तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी गैरहजर राहायचा. शेवटी त्याची शाळा सुटली ती सुटलीच. माझं म्हणणं खरं होतं, पण त्याच्या काही उपयोगी पडलं नाही. ही बोच मला अजून आहे.

माझी नातही अंधाराला भ्यायची. तिला मी काहीच समजावलं नाही. वाटीत इडलीचं पीठ घालून उकडलं, उपडं केलं आणि म्हटलं, "डोळे तू लाव." काळ्या मनुकांचे तुकडे तिने लावले. एकाचे डोळे तिरळे झाले तेव्हा खो-खो हसली. बटाट्याच्या रोलला कणकेच्या पट्ट्या गुंडाळून ममी केल्या आणि ओव्हनमध्ये भाजल्या. रक्त म्हणून टोमॅटोचं सार. लिचीच्या पोकळीत द्राक्ष बसवून बुबुळं केली; द्राक्षं मात्र मी उभी चिरून घेतली, लहान मुलांच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं. त्या रात्री ती जिन्यावरून एकटी वर गेली. अर्ध्यावर थांबली, मागे वळून पाहिलं, पण गेली. जे आपण स्वतः घडवलं, ज्याचं नाक वाकडं केलं आणि चटणीला लावून खाल्लं, त्याला भ्यायचं कसं?

एका गोष्टीला मात्र मी नाही म्हटलं. नानकटाईच्या पिठाची बोटं, त्यांना बदामाची नखं, हा प्रकार तिकडे 'चेटकिणीची बोटं' म्हणून करतात. मी म्हटलं, "भुताची म्हण, बाईची नको." भूत कुणाच्या शेजारी राहत नाही, पण चेटकीण ठरवलेली बाई खरीखुरी असते. अमेरिकेतल्या सेलमला 1692 मध्ये सुरू झालेल्या खटल्यांत एकोणीस माणसं फासावर गेली. आपल्याकडे बायकांना डाकीण ठरवून छळलं गेलंय, आणि 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावरच जादूटोणाविरोधी कायदा आला. संस्कृतीच्या रक्षकांनो, रागवायचंच तर तिथे रागवा!

दुसरा राग बाजारावर. आता पुण्या-मुंबईतही हॅलोविनचे तयार खोके मिळतात. भडक रंगाच्या गोळ्या, प्लॅस्टिकच्या कवट्या. विकत आणलेल्या भुताने भीती जात नाही, फक्त पैसे जातात. हात पिठात बुडले पाहिजेत.

आपल्या गोष्टीतली म्हातारी वाघाला चकवून लेकीकडे गेली आणि परतली ती भोपळ्यात बसून. तिला कुणी विचारलं नाही, भोपळा कुठला म्हणून. मीही परत आले आहे. गटावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते देते.

हो, मीसुद्धा. आणि तुमच्या नातवंडांनाही घेऊन या, पीठ भिजवून ठेवते.