नियम आणि नियमकर्ते

घरांस कवाडें न लावण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या, आमच्या सोनईजवळच्या शनि-शिंगणापुरांतही सन २०२० च्या मार्च महिन्यांत देवदर्शन बंद झालें, आणि भाविकांनीं तें निमूटपणें सोसलें. त्या वर्षीं आषाढीस संतांच्या पादुका पायीं न नेतां एस्. टी. च्या गाड्यांतून पंढरपुरास गेल्या. लोक नियम पाळीत नाहींत, हा आरोप म्हणूनच मला पटत नाहीं.

ता. २१ फेब्रुवारी २०२१ रोजीं तत्कालीन मुख्यमंत्री श्री. उद्धव ठाकरे यांनीं गर्दीच्या कार्यक्रमांस मनाई जाहीर केली. दोनच दिवसांनीं त्यांच्याच मंत्रिमंडळांतील वनमंत्री श्री. संजय राठोड पोहरादेवीस गेले, तों तेथें सहस्रावधि लोक लोटले! गुन्हा नोंदला गेला तो जमावांतील हजारों लोकांवर. मग मुखपट्टी हनुवटीवर ओढलेला आमचा बाजारकरी "पुढारी तरी कोठें पाळतात?" असें विचारी, त्यास काय उत्तर द्यावें? रोग असली सबब ऐकत नाहीं, हें खरें. पण प्रश्न रास्त होता.

याउलट, त्याच वर्षीं एप्रिलमध्यें नॉर्वेच्या तत्कालीन पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांस, दहांची मर्यादा असतां वाढदिवसाच्या भोजनास तेरा जण जमविल्याबद्दल, तेथील पोलिसांनीं २०,००० क्रोनर दंड केला. पोहरादेवीची तशी एखादी पावती दाखवितां आली असती, तर आमच्या बाजारकऱ्याची मुखपट्टी कदाचित् नाकावर चढली असती.